सोलापुरातून लहान मुलांची फिल्म परदेशी फेस्टिव्हलला कशी पाठवायची

आपल्याकडं आता शॉर्ट फिल्म करणारी पोरं कमी नाहीत. जुळे सोलापूर असो, अक्कलकोट रोड असो नाहीतर मोहोळ-बार्शीकडचं एखादं गाव, कुणीतरी मोबाईलवर फिल्म करतंच आणि त्यात हिरो बहुतेक वेळा शाळेतलं एखादं पोरगं असतं. फिल्म झाली की पुढचा प्रश्न ठरलेला, आता ही अवॉर्डला कुठं पाठवू? त्यासाठीच हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका की हे आपलं काम नाही म्हणून. नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आणि त्यांचा 'सैराट' २०१६ ला बर्लिनच्या फेस्टिव्हलमध्ये दाखवला गेला तो जनरेशन फोर्टीन प्लस या विभागात, म्हणजे चौदा वर्षांच्या पुढच्या पोरांसाठी जो विभाग असतो त्यात. त्याच्या दोन वर्षं आधी अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला त्याच बर्लिनमध्ये जनरेशन केप्लस या लहान मुलांच्या विभागात क्रिस्टल बेअर हे अवॉर्ड मिळालं, ते देणारी ज्युरी लहान मुलांचीच. आणि पंढरपूरच्या गल्लीबोळात घडणारा 'एलिझाबेथ एकादशी' राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला, तमिळ 'काका मुट्टई'सोबत विभागून. तेव्हा गोष्ट आपल्या गावातली आहे म्हणून कुणी नाकारत नाही.

फिल्म नक्की कुणासाठी आहे

इथंच निम्म्या एन्ट्री बाद होतात म्हणून यावर जरा वेळ घालवूया. मुलांसाठीची फिल्म वेगळी, मुलांविषयीची वेगळी आणि मुलांनी स्वतः केलेली तिसरीच. आपण काय करतो, आपल्या लहानपणाची आठवण काढून एक हळवी फिल्म करतो, त्यात पोरगं असतं, सायकल असते, आजी असते, आणि ती चिल्ड्रन्स कॅटेगरीत टाकून देतो. पण ती बघून रडणार आपल्या वयाचा माणूस, आठ वर्षाचं पोरगं दहाव्या मिनिटाला चुळबुळ करायला लागणार. अशी फिल्म वाईट असते असं अजिबात नाही, तिची जागा मोठ्यांच्या फेस्टिव्हलमध्ये असते एवढंच.

मुलांसाठीच्या फिल्ममध्ये जे घडतं ते मुलाच्या उंचीवरून दिसायला पाहिजे आणि निर्णय पण मुलानंच घ्यायला पाहिजे, शेवटी गुरुजी किंवा वडील येऊन प्रश्न सोडवून जातात अशी गोष्ट मुलांच्या ज्युरीला पटत नाही. उपदेशाचं तर नावच नको. फिल्मच्या शेवटी 'पाणी वाचवा' किंवा 'मुलगी शिकवा' अशी पाटी टाकायचा मोह आपल्याला फार होतो, तो टाळा, गोष्टीतून जे पोचायचं ते पोचलेलं असतं.

मग वय ठरवा. 'सर्व वयोगटांसाठी' असं फॉर्ममध्ये लिहू नका, कारण फेस्टिव्हलवाल्यांना शाळांचे शो लावायचे असतात आणि त्यांना नेमकं कळायला पाहिजे की पहिली-दुसरीच्या मुलांना बसवायचं की आठवी-नववीच्या. इटलीत जिफोनी नावाच्या छोट्या गावात १९७१ पासून फेस्टिव्हल भरतो, तिथं ज्युरी म्हणजे हजारो मुलं, आणि ती तीन, सहा, दहा, तेरा, सोळा, अठरा अशा वयाच्या पायऱ्यांनी वाटलेली असतात. तुमची फिल्म कुठल्या पायरीवर बसते ते तुम्हालाच सांगता आलं नाही तर निवडणाऱ्याला काय कळणार.

पाठवायच्या आधी इथल्या पोरांना दाखवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात. एडिट झालं, घरच्यांनी वा वा केलं, मित्रांनी स्टेटस ठेवलं की झालं. ज्यांच्यासाठी फिल्म केली त्यांनी बघितलीच नाही. एखाद्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा, प्रोजेक्टर बऱ्याच शाळांत आता असतो, नसला तर भाड्यानं मिळतो. वर्गात अंधार करायला दोन चादरी लागतात, त्या सोलापुरात कमी पडायच्या नाहीत.

आणि सोलापूरचा एक मोठा फायदा आहे जो पुण्या-मुंबईवाल्यांना इतक्या सहज मिळत नाही. पूर्व भागातल्या शाळेत गेलात तर तिथल्या कितीतरी पोरांच्या घरात तेलुगू बोलतात, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी उर्दू. मराठी त्यांना येतं पण पहिलीच्या मुलाला अजून सगळं येत नाही. अशा मुलांना तुमची गोष्ट चित्रावरून, चेहऱ्यावरून, हालचालीवरून कळली तर ती बर्लिनच्या मुलाला पण कळणार. मी तर सांगतो पहिली पाच मिनिटं आवाज बंद करून दाखवा आणि मग विचारा काय चाललंय, या पोराला काय पाहिजे, ते का रागावलंय. सांगता आलं तर फिल्म तयार आहे, नाही आलं तर परत एडिटला बसा, तेव्हा कंटाळा करू नका.

'आवडली का रे?' असं मात्र विचारू नका, समोर सर उभे असले की सगळा वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो. त्यापेक्षा फिल्म चालू असताना तुम्ही पडद्याकडं न बघता पोरांकडं बघत बसा, कुठं चुळबुळ सुरू होते, कुठं शेजाऱ्याशी बोलायला लागतात, कुठं एकदम चिडीचूप होतात ते मिनिटासकट वहीत टिपा. आणि दुसऱ्या दिवशी त्यांना गोष्ट सांगायला लावा, जे विसरलेत ते तुम्ही नीट सांगितलं नव्हतं असं समजा. एका शाळेतल्या शोनंतर एका मुलीनं विचारलं होतं, त्या बकरीचं पुढं काय झालं, आणि टीममधल्या कुणाच्याच डोक्यात तो प्रश्न आला नव्हता. शेवट बदलला आणि फिल्म खरंच सुधारली.

कुठले फेस्टिव्हल, कुठले अवॉर्ड

बर्लिनचं वर सांगितलंच. १९७८ पासून तिथं मुलांच्या सिनेमाचा वेगळा विभाग आहे. क्रिस्टल बेअर मुलांची ज्युरी देते आणि मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय ज्युरीचा ग्रां प्री, म्हणजे मुख्य अवॉर्ड, वेगळा असतो. २०१५ ला नागेश कुकुनूर यांच्या 'धनक'ला केप्लसमधला हा मोठ्यांचा ग्रां प्री मिळाला होता. स्पर्धा प्रचंड असते, पण शॉर्ट फिल्मलाही जागा असते.

चेक देशातलं झ्लीन हे मला मनापासून आवडणारं नाव आहे. फेस्टिव्हल १९६१ पासूनचा, मुलांच्या सिनेमाचा जगातला सगळ्यात जुना. गाव चपला-बुटांचं, बाटा कंपनी तिथलीच, म्हणून तिथल्या अवॉर्डचं नाव सोन्याची चप्पल, गोल्डन स्लिपर. चादरीच्या गावातल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं, कारखान्याच्या गावानं इतकी वर्षं मुलांचा सिनेमा सांभाळलाय. विद्यार्थ्यांनी केलेल्या फिल्मसाठी तिथं झ्लीन डॉग नावाची वेगळी स्पर्धा पण असते, फिल्म स्कूलला शिकणाऱ्यांनी ती बघावी.

अमेरिकेत शिकागोचा फेस्टिव्हल १९८३ पासून आहे, मोठ्यांची आणि मुलांची अशा दोन्ही ज्युरी असतात. तो ऑस्करसाठी मान्यता असलेला आहे, म्हणजे तिथं ठराविक अवॉर्ड जिंकणारी शॉर्ट फिल्म ऑस्करच्या स्पर्धेत जायला पात्र होते, मात्र लांबी टायटलसकट ४० मिनिटांच्या आत पाहिजे. न्यूयॉर्कचा मुलांचा फेस्टिव्हल पण याच पद्धतीचा. युरोपात ॲमस्टरडॅमचं सिनेकिड, स्वीडनमध्ये माल्मोचं बफ, फिनलंडमध्ये औलू, जर्मनीत फ्रँकफर्टचं लुकास आणि केमनित्सचं श्लिंगेल ही सगळी खरी, वर्षानुवर्षं चाललेली नावं आहेत. इराणच्या इस्फहानमध्ये गोल्डन बटरफ्लाय देतात, आणि मुलांचा सिनेमा इराणइतका मनापासून करणारे देश फार थोडे, तिथं निवड झाली तरी मोठी गोष्ट. युरोपातल्या फेस्टिव्हलमध्ये 'एक्फा अवॉर्ड' (युरोपातल्या मुलांच्या सिनेमाच्या संघटनेचं अवॉर्ड) असं दिसलं तर ते फक्त युरोपियन फिल्मसाठी असतं, आपण त्यात नसतो, उगाच आशा लावू नका.

आपल्या देशातलं पण विसरू नका. चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी दर दोन वर्षांनी १४ नोव्हेंबरपासून हैदराबादला फेस्टिव्हल भरवायची, अवॉर्ड गोल्डन एलिफंट. ती सोसायटी २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली, त्यामुळं जुन्या लिंक बघत बसू नका, एनएफडीसीच्या घोषणांवर लक्ष ठेवा. कोलकात्याचा मुलांचा फेस्टिव्हल आहे, दिल्लीत स्माईल फाउंडेशनचा आहे. राष्ट्रीय पुरस्काराला पाठवायचं तर सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं आणि ते त्या त्या वर्षाच्या १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळातलं लागतं. परदेशी फेस्टिव्हलला एन्ट्री पाठवायला सेन्सॉर लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि त्यात महिने जातात.

खोट्या अवॉर्डपासून लांब राहा

हे जरा कडक शब्दांत सांगतो कारण यात पोरांचं नुकसान होतं. ऑनलाइन असे शेकड्यानं 'इंटरनॅशनल' फेस्टिव्हल आहेत जे दर महिन्याला विजेते जाहीर करतात, कॅटेगऱ्या इतक्या की कुणी रिकाम्या हातानं जाऊ नये, फी घेतात, आठवड्यात 'अभिनंदन' असा मेल पाठवतात, मग ट्रॉफी पाहिजे असेल तर तिचे डॉलर वेगळे. कुठल्याच गावात, कुठल्याच थिएटरमध्ये फिल्म दाखवली जात नाही. एकाही मुलानं ती बघितलेली नसते. आणि आपल्याकडं त्याचा फ्लेक्स लागतो, पेपरात बातमी येते, फिल्ममधल्या पोराचा सत्कार होतो. ते पोर मोठं झाल्यावर त्याला कळणारच की यात काही नव्हतं. त्यानं उन्हात उभं राहून केलेलं काम खरं होतं, त्याला मान पण खरा मिळायला पाहिजे.

ओळखायचं कसं? मागच्या वर्षीचं वेळापत्रक शोधा, कुठल्या थिएटरमध्ये कुठल्या तारखेला किती वाजता शो होता ते साइटवर असलं पाहिजे. शाळांसाठीचे शो आहेत का बघा, खऱ्या मुलांच्या फेस्टिव्हलचा तो कणाच असतो. ज्युरीची नावं, हॉलमधले मुलांचे फोटो, तिथल्या पेपरातली बातमी, यातलं काहीच सापडलं नाही तर पैसे भरू नका. मागच्या वर्षी तिथं निवड झालेल्या एखाद्या डायरेक्टरला सरळ मेसेज करून विचारा, लोक सांगतात, अनुभव चांगलाच आहे.

काय काय तयार ठेवायचं

फिल्म व्हिमिओ या व्हिडिओच्या साइटवर पासवर्ड लावून टाका आणि एकदा लिंक दिली की ती किंवा पासवर्ड बदलू नका, कारण निवडणारे तीन महिन्यांनी पण बघतात. यूट्यूबवर तर अजिबात टाकू नका, बरेच मोठे फेस्टिव्हल इंटरनेटवर आलेली फिल्म घेतच नाहीत. फेस्टिव्हलचा सगळा प्रवास संपेपर्यंत थांबा, नातेवाईक कितीही मागे लागले तरी.

सबटायटल इंग्रजीत आणि साधे. एका वेळी दोन ओळींच्या वर नाही, वाक्य छोटं, कारण बघणारं मूल हळू वाचतं. ऑनलाइन ट्रान्सलेटरवरून थेट उचलू नका, ओळखीच्या इंग्रजीच्या शिक्षकांकडून तपासून घ्या आणि मग सहावी-सातवीतल्या एखाद्या इंग्लिश मीडियमच्या मुलाला फिल्मच्या वेगानं मोठ्यानं वाचायला लावा, अडखळला की ती ओळ कापा. कडक भाकरी, शेंगाचटणी, नंदीध्वज हे सगळं सबटायटलमध्ये समजावत बसायची गरज नाही, पडद्यावर दिसतंय ते मुलं बघून घेतात. एसआरटी, म्हणजे नुसत्या सबटायटलची, फाईल वेगळी ठेवा आणि फिल्मची एक कॉपी सबटायटल न चिकटवलेली पण ठेवा, कारण निवड झाल्यावर त्यांना त्यांच्या भाषेचे टाकायचे असतात.

याच्याच जोडीला डायलॉग लिस्ट. कोण बोलतंय, कितव्या मिनिटाला कितव्या सेकंदाला, काय बोलतंय, अशी टाइमकोडसकट यादी. हे का लागतं तर बर्लिनच्या केप्लससारख्या ठिकाणी लहान मुलांच्या शोला हॉलमध्ये एक जण माईक घेऊन बसतो आणि फिल्म चालू असताना सगळे संवाद त्यांच्या भाषेत वाचतो, वाचता न येणाऱ्या मुलांसाठी. त्या माणसाच्या हातात तुमची लिस्ट असते, ती धड नसली तर तुमचा विनोद दोन सेकंद उशिरा पोचणार आणि हॉल हसणारच नाही. दोन दिवस लागतात लिस्ट करायला, पण करा.

त्याशिवाय तीन-चार ओळींचा सारांश, तुमचा छोटा परिचय, आणि चांगले मोठ्या साइजचे स्टिल फोटो. फोटो शूटिंगच्या वेळीच काढा, नंतर फिल्ममधून स्क्रीनशॉट काढलेले छापण्यासारखे नसतात. फोटोत मुलाचा चेहरा दिसू द्या, क्लॅप धरलेला डायरेक्टर नको.

आवाजाकडं पण लक्ष द्या, चित्र थोडं कमी-जास्त चालतं पण आवाज खराब असला की फिल्म बाहेर. पूर्व भागात यंत्रमागाची खडखड दिवसभर असते, संवादाचे सीन कारखाना बंद असेल त्या दिवशी घ्या आणि मागाचा आवाज वेगळा, जवळ जाऊन, नीट रेकॉर्ड करून ठेवा, नंतर पाहिजे तिथं घालता येतो आणि तो ऐकायला जबरदस्त लागतो. मोबाईलवर शूट करत असाल तर सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेम लॉक करणारं ॲप वापरा, साधा कॅमेरा फ्रेम रेट वर-खाली करतो आणि मग लांब शॉटमध्ये ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

कागदपत्रं आणि पोरांची काळजी

पिक्चरचं गाणं वापरायचं नाही, दहा सेकंद पण नाही, मागे टीव्हीवर वाजत असलं तरी नाही. हलगी पाहिजे तर वाजवणाऱ्याला बोलवा, रेकॉर्ड करा, पैसे द्या आणि लेखी परवानगी घ्या.

मुलांबाबत कायदा आहे आणि तो पाळायलाच पाहिजे. २०१६ च्या दुरुस्तीनं बालकलाकारांना काम करायची मुभा ठेवली पण २०१७ च्या नियमांत अटी घातल्या. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या पुढं विश्रांतीशिवाय नाही, निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, आई-वडिलांची संमती लेखी, आणि मुलाच्या मानधनातले निदान २० टक्के त्याच्या नावावर फिक्स डिपॉझिटमध्ये. आपली फिल्म छोटी म्हणून सोडून देऊ नका, कलेक्टर ऑफिसला जाऊन विचारा. आणि नियम सोडून साधं माणुसकीचं पण आहेच, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, त्यात पोरांना दुपारी उभं करू नका. दिवाळीची सुट्टी सगळ्यात चांगली, शाळा बुडत नाही, ऊन सोसतं आणि शेतात ज्वारी हिरवी असते.

एन्ट्री, पैसे, तारखा

बऱ्याच एन्ट्री फिल्मफ्रीवे नावाच्या साइटवरून जातात, काही फेस्टिव्हल मात्र स्वतःच्या साइटवरच फॉर्म घेतात, तेव्हा आधी त्यांची मूळ साइट उघडून नियम वाचा. फी डॉलर-युरोत असते आणि तारीख जवळ येईल तशी वाढत जाते, म्हणून पहिल्या टप्प्यातच भरा. मुलांचे काही चांगले फेस्टिव्हल फी घेतच नाहीत, आणि जे घेतात त्यांना नम्रपणे मेल करून सवलत मागता येते, आपण कोण, कुठल्या गावातून, फिल्मचा खर्च कसा उभा केला हे चार ओळींत लिहा, देणारे देतात. कार्डवरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून घ्या, नाहीतर शेवटच्या रात्री पेमेंट फेल होतं आणि बँकेत कुणी फोन उचलत नाही.

तारखा साधारण अशा बसतात: बर्लिन फेब्रुवारीत, त्याची एन्ट्री आदल्या वर्षीच्या शेवटी बंद होते. झ्लीन मे-जूनच्या आसपास, जिफोनी जुलैत, मग सिनेकिड ऑक्टोबरमध्ये, शिकागो आणि औलू नोव्हेंबरच्या सुमारास. पहिला शो कुठं होतो याला मोठ्या फेस्टिव्हलमध्ये महत्त्व असतं, म्हणून बर्लिनचा विचार असेल तर आधी तिथं पाठवा, उत्तर येईपर्यंत युरोपातल्या बाकीच्यांना हो म्हणू नका. नकार आला की त्याच आठवड्यात पुढच्या यादीला लागा. फिल्म पूर्ण झालेलं वर्ष सगळे विचारतात आणि बहुतेक ठिकाणी दोनेक वर्षांच्या वर जुनी फिल्म घेत नाहीत, त्यामुळं रुसून बसायला वेळ नसतो. नकाराच्या मेलला उलट उत्तर देऊन 'का नाही घेतली' असं विचारू नका, हजारो एन्ट्री असतात, पुढच्या फिल्मच्या वेळी तीच माणसं असतात.

निवड झाली तर मेलमधल्या तारखेच्या आत उत्तर द्या. डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी फिल्मची डिजिटल कॉपी, मागितली तर पुण्याच्या एखाद्या स्टुडिओतून करून घ्या आणि पाठवायच्या आधी मोठ्या पडद्यावर पूर्ण चालवून बघा, सबटायटल, आवाज, शेवटची नावं सगळं. फिल्ममधल्या मुलाला नेणार असाल तर त्याचा पासपोर्ट नुसत्या शक्यतेवर आधीच काढून ठेवा, अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टला आई-वडिलांची सही आणि कागद लागतात, व्हिसासाठी परत मुंबई-पुण्याची फेरी, हे सगळं तीन आठवड्यांत होत नाही. खर्चासाठी फेस्टिव्हल काय देतंय ते स्पष्ट विचारा, कधी राहण्याची सोय करतात, तिकीट क्वचितच. तुम्हाला एकट्यालाच जाता येणार असेल तर निदान मुलाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मेसेज घेऊन जा, शोनंतर तिकडची पोरं प्रश्न विचारतात आणि त्यांना डायरेक्टरपेक्षा त्या मुलाशीच बोलायचं असतं. त्यांचे प्रश्न लिहून आणा, पुढच्या फिल्मच्या स्क्रिप्टला बसताना ते कामाला येतात.